एकतिसावा भाग

झरी, ता. परभणी
शनिवार, ९ नोव्हेंबर २०१३

प्रिय भाऊ,

शिवकन्येचा नमस्कार. आबा-आई बरे आहेत, आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे आणि दिवाळीसाठी मी प्रियदर्शनीला घेऊन माहेरी आलेय. सहा वर्षांची झाली ती, तू अजून तिला पाहिलं नाहीस. तुम्हीही सगळे पुण्यात खुशाल असाल.

दहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज एकदम पाकीट बघून तुला काय वाटेल, या विचारानं दोन कागद लिहून फाडले. पण बातमीच अशी आहे की पोटात मावत नाही. आबांनी तुला पाहिलं. टीव्हीवर. एकतिसाव्या भागापासून छत्तिसाव्यापर्यंत, एकही क्षण न चुकवता.

थांब, नीट सांगते.

आम्हाला सोडायला हे आले, तेव्हा परभणीत बस बदलायची होती. मी स्टँडवर सामानापाशी बसले आणि हे पाणी आणतो म्हणून गेले ते अर्ध्या तासानं आले. पाणी नाहीच, हातात पुठ्ठ्याचा जाडजूड डबा. वर तुमच्या मालिकेचं नाव, 'धुऱ्यावरची माणसं'. आत सहा डिस्का, बावन्न भाग. डब्याच्या मागं बारीक फोटोंच्या गर्दीत मुंडासं बांधलेला तू. हे दुकानदाराला सांगून आले होते, हा माझा मेहुणा आहे म्हणून. तुला न भेटलेला माणूस, पण त्यांचा तोरा असा की तुमचा जणू रोजचा चहा सोबत होतो. मी हसले खरी, पण झरी येईपर्यंत तो डबा पिशवीतून बाहेर काढू दिला नाही. का, ते पुढं येईल.

डिस्क लावायचं मशीन शेजारच्या कस्तुराकाकूंकडून आणलं. तुला आईनं फोनवर सांगितलंच असेल, चार वर्षं झाली, आबांना ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आणलं तर 'कानात गिरणी चालू झाली' म्हणून काढून ठेवलं. टीव्हीसमोर तर बसणंच सोडलं. म्हणायचे, नुसती तोंडं हलत्यात, बघायचं काय. आम्ही सगळे आत आणि ते एकटे बाहेर ओट्यावर.

आणि काय झालं सांगू? डिस्क लावली की आधी एक पान येतं. सगळे भाग सलग बघायचे का, एखादाच निवडायचा का, सुरुवातीचं गाणं गाळायचं का. आणि सगळ्यात खाली, मराठी अक्षरं. मी सहज ते दाबलं. तर माणूस बोललं की त्याचं बोलणं खाली लिहून यायला लागलं. दार वाजलं तरी 'दार वाजतं' असं लिहून येतं. कुत्रं भुंकलं तर तेही. आबा तंबाखूची चंची न्यायला आत आले होते, ते उभ्या उभ्या वाचायला लागले. एक ओळ, दोन ओळी. मग भिंतीला टेकले. मग खालीच बसले. पोथी वाचावी तशी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायचे. कस्तुराकाकू म्हणाल्या, मला माझ्या घरात बसूनच मालिका समजायलीय.

आई पदरानं डोळे पुसत होती. चार वर्षांनी आबा घरात आमच्यासोबत बसून हसत होते, भाऊ.

मला घाई झाली होती. मी थेट एकतिसावा भाग निवडायला गेले, तर आबांनी हात धरला. म्हणाले, "गोष्ट मधूनच धरत्यात का? पयल्यापासून लाव." तू कितव्या भागात येतोस हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. तू त्यात आहेस हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं, तसं त्यांनाही होतं. फक्त दहा वर्षांत त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं.

मंगळवारपासून बसलो. ह्यांनीही पालमला फोन करून दुकान तीन-चार दिवस धाकट्या दिराच्या हवाली केलं. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू, जाहिरात नाही, आठवडाभर थांबायचं नाही. आबांनी गाणं गाळायला सांगितलं, तेच ते कशाला बघायचं म्हणून. लाईट मात्र ठरल्याप्रमाणे जायचीच. पण हे मशीन असं गुणी, की लाईट आली की जिथं थांबलो तिथूनच पुढं. आबांना त्याचं लय कौतुक. म्हणाले, "हे बरं हाय. आपली वाट बघतंय."

गुरुवारी दुपारी तू आलास.

बैल घेऊन शेताकडं निघालेला. हात पाठीमागं बांधून, एक खांदा जरा खाली. बोलण्याआधी घसा खाकरलास आणि खाली लिहून आलं, 'खाकरतो'. आबा वाचता वाचता पुढं सरकले. मग म्हणाले, मागं घे. मी मागं घेतलं. पुन्हा बघितलं. पुन्हा मागं घे. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "कासरा असा धरत्यात व्हय? इसरला सगळं." आणि जरा वेळानं, "चाल मात्र माझी हाय."

भाग संपला. शेवटी नावं वर सरकायला लागली, बारीक, भराभरा. आबांना वाचायची होती, पण वाचेपर्यंत निसटायची. मग मी चित्र जागीच थांबवलं. आबा उठून पडद्याजवळ गेले आणि बोट लावून वाचलं, भारत आप्पाराव. आडनाव नाही. नुसतं तुझं नाव आणि त्यांचं.

ते तिथंच उभे राहिले. म्हणाले, "माझं नाव लावलं. मग मला बघ म्हणून का सांगितलं न्हाई? सगळं गाव सांगत आलं, त्यानं एकदा सांगायचं हुतं. बिनबोलावता मी कशाला बघू?"

आता मला लिहिलंच पाहिजे.

तू सांगितलं होतंस. दहा वर्षांपूर्वी तुझा पहिला भाग लागणार होता, त्या गुरुवारी दुपारी कस्तुराकाकूंच्या फोनवर तू मला म्हणालास, संध्याकाळी साडेसातला आबांना टीव्हीपुढं बसव. त्याच संध्याकाळी पालमचे पाहुणे मला बघायला आले होते. शिक्षण सोडून तू नाटकात गेलास म्हणून आधीची दोन स्थळं मोडली होती. मला वाटलं, यांना कळलं तर हेही उठून जातील. मी टीव्हीमागची केबलची पिन काढली आणि आबांना तुझा निरोप दिलाच नाही. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. आबांनी पाहिलं का, एवढंच विचारलंस. खरं सांगायची लाज वाटली आणि तोंडातून निघून गेलं, तुझं नाव निघताच आबांनी टीव्ही बंद केला. तू 'बरं' म्हणालास आणि फोन ठेवलास. माझ्या लग्नालाही आला नाहीस. मी मांडवात उभी राहून रडत होते, ते सासरी जायचं म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

हे सगळं मी परवा आबांना सांगितलं. ऐकू न येणाऱ्या माणसापुढं हळू आवाजात कबुली देता येत नाही, भाऊ. मी ओरडून सांगितलं. आई, हे, प्रियदर्शनी, भिंतीपलीकडच्या कस्तुराकाकू, सगळ्यांनी ऐकलं. पिन काढली हे तर मला दोनदा ओरडावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना नीट कळलं नाही.

हे म्हणाले, "तवाच सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी मुंडावळ्या बांधल्या असत्या." ते मला हसवायला बघत होते. मला आणखीच रडू आलं. एवढ्या भल्या माणसाला भिऊन मी तुझं नि आबांचं असं करून ठेवलं.

आबा दीड दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हातानं खूण करायचे, पुढचा लाव. बत्तीस, तेहतीस, असं करत काल छत्तिसावा झाला. त्यात तू सगळ्यांशी भांडून गाव सोडतोस. मी सदतिसावा लावायला गेले, तर आबांनी मशीन बंद करायला लावलं. आज सकाळी मला बोलावून म्हणाले, "त्याला चिठ्ठी लिही. फोनवर मला त्याचं ऐकू यायचं न्हाई. अन् तू केलं ते तूच लिही, माझ्या नावावर ढकलू नको." पुढचे भाग कधी बघायचे, असं मी लिहून विचारलं. तर म्हणाले, "पुढं काय झालं ते त्यालाच येऊन सांगू दे. तवर ऱ्हाऊ दे तसंच."

मी माफी मागत नाही, कारण दहा वर्षांची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. माझ्यावरचा राग माझ्यापाशी ठेव, तो खरा आहे. आबांवरचा सोडून दे, त्यांनी काही केलंच नव्हतं. त्यांना दोन ओळी लिही, मोठ्या अक्षरात. आणि ये. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव, मी त्या दिवशी पालमला असेन.

तू परत म्हणू देशील तेव्हाच 'तुझी' लिहीन, तोवर नुसतीच,
शिवकन्या