त्याला तंबोरा, मला हातोडा

मास्तर, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रुसून बसलेला माणूस वेडाच म्हणायचा. पण मी रुसलेलाच आहे. आज ते लिहून टाकतो. मराठीत लिहितोय, लाल पेन्सिल घेऊन बसू नका. घरात बोलतो तसंच लिहिणार, मधेच हिंदी घुसली तर घुसली. सरळच सांगतो, तुमच्या त्या लाडक्यावर मी जळतो. शाळेत जळायचो आणि आज दोन पोरांचा बाप झालो, पुढचे केस विरळ झाले, तरी जळतो. रेडिओवर त्याचं गाणं लागलं की बायकोला सांगतो, बघ, हा माझ्या वर्गातला. ती म्हणते, किती कौतुक हो तुम्हाला. कौतुक कसलं, तो कुठे घसरतो का ते ऐकत असतो मी. अजून घसरलेला नाही.

आपल्या शाळेत नववीपासून ड्रॉइंग नाही तर संगीत, दोन्हीतलं एक घ्यावं लागायचं. खोली एकच होती. एका कोपऱ्यात ड्रॉइंगवाल्यांची मातीची मडकी, सुरई, प्लास्टरचा तुटक्या नाकाचा साहेब, आणि दुसऱ्या कोपऱ्यात सतरंजीवर आपण अकरा जण. मी संगीत घेतलं कारण त्यात गृहपाठ नसतो असं ऐकलं होतं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही फळ्याकडे तोंड करून आरोह-अवरोह लिहिताय, आणि मी मागून इंजिनाची शिट्टी काढतो. हुबेहूब. पोरं फिसकन हसतात. मला वाटतं आता डस्टर येणार. तुम्ही वळतसुद्धा नाही. लिहिता लिहिता म्हणता, ‘इंजन इससे आधा सुर नीचे बोलता है। फिर से करो।’ मी परत काढली, खाली उतरवून. तुम्ही म्हणालात, ‘हाँ, अब गाड़ी आई।’ वर्ग लोळला. त्या दिवशी लक्ष्मी गेटापर्यंत मी उड्या मारत घरी गेलो. वाटलं, जमलं, आता आपण मास्तरांचे. शिवाय तुम्ही मराठी, आणि अख्ख्या वर्गात मराठी घरातला मी एकटा. माझा हक्कच होता तुमच्यावर.

मग तो आला. रेल्वे कॉलनीतला, इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, कुठून तरी बापाची बदली होऊन. तेल चोपडलेले केस, खाली मान, बोलणं सगळं बुंदेली. तुम्ही म्हणालात, कुछ सुनाओ. त्यानं शेतात बायका म्हणतात तसलं काहीतरी गाणं म्हटलं. ड्रॉइंगवाल्यांच्या पेन्सिली थांबल्या. तुम्ही पेटीवर हात ठेवून तसेच बसून राहिलात. मला तुमचा चेहरा दिसत होता मास्तर, माझ्या शिट्टीला तो चेहरा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी तुमच्या घरी. मानिक चौकातल्या त्या गल्लीतली, कापडवाल्याच्या वरची खोली. मीही यायचो, न बोलावता. आईनं लोणचं दिलंय, आईनं चकल्या दिल्यात. आईचं लोणचं तेवढ्यात निम्मं संपलं, घरी मार पण खाल्ला. तुम्ही एकटे, स्वयंपाक स्वतःच करायचात. स्टोव्हवर तवा, तव्यावर थालीपीठ, आणि तुम्ही पाठमोरे उभे राहून त्याला सांगताय, ‘गंधार पर मत रुको, उसे छूकर आओ।’ पहिलं थालीपीठ त्याला. ‘गाऊन दमलाय तो,’ म्हणायचात. मला दुसरं, आणि दुसरं तुम्ही हमखास करपवायचात कारण तोवर त्याची तान सुरू झालेली असायची. मी म्हणायचो, मास्तर, माझंपण ऐका की. तुम्ही म्हणायचात, ‘तुझं अख्खा मोहल्ला ऐकतो दिवसभर. तंबोरा धर.’

तंबोरा धर. दोन वर्षं हेच. तो पुढे बसून गाणार, मी मागे बसून चार तारा छेडणार. हल्ली लोक सांगतात की गुरूनं तंबोऱ्याला बसवणं हा मान असतो, कानात सूर मुरतो वगैरे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं मी पंखा ओढणारा नोकर. त्याच्या मानेकडे बघत बसायचो. त्या मानेवरचा तीळ आजही काढून दाखवीन.

तरी गाण्याचं मी सोसलं असतं. तुम्ही त्याला मराठी शिकवलंत, ते नाही सोसलं. अभंग म्हणायचे तर अर्थ कळला पाहिजे म्हणून. तुम्ही त्याच्याशी मराठीत बोलायला लागलात, तो चुकतमाकत उत्तर द्यायला लागला, आणि वर्षाच्या आत तो ‘काळा’ आणि ‘सकाळ’ असं म्हणायचा की मीच ऐकत राहायचो. आमच्या घरी तर सगळे काला, सकाल. मराठी मंडळाच्या गणपतीत तुम्ही त्याला गायला बसवलंत. पुढच्या रांगेत माझी आई डोळ्याला पदर लावून. घरी येताना म्हणते, ‘किती गोड रे म्हणतो, अगदी आपल्यातला वाटतो.’ मी म्हटलं, ‘मग ठेव त्यालाच, मी जातो रेल्वे कॉलनीत.’ ती म्हणाली, ‘जा. जाताना कोपऱ्यावरून धणे आणून दे.’

मग दहावीचं प्रॅक्टिकल आलं. बाहेरचे परीक्षक येणार होते, आणि सगळ्या शाळेला माहीत होतं की त्यांना आवडलेल्या एका मुलाला ग्वाल्हेरच्या संगीत कॉलेजात घेणार, राहण्या-जेवणासकट. त्याला तुम्ही मालकंस तयार करून दिला होता. थंडीचे दिवस. तुम्ही सकाळी स्वतः तंबोरा लावलात. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार पंचमावरून उतरवून मध्यमावर आणलीत, माझ्या हातात दिलीत आणि परीक्षकांना आणायला फाटकाकडे गेलात. बाकीचे तुमच्या मागे. खोलीत मी, तंबोरा आणि तुटक्या नाकाचा साहेब. बाहेर ड्रिलच्या शिट्ट्या, यार्डात डबे आपटतायत. मी खुंटी धरली आणि तार वर चढवली. पुन्हा पंचमावर. म्हणजे तो मालकंस म्हणायला तोंड उघडणार आणि मागून मी प्रत्येक फेरीला त्या रागात नसलेला सूर त्याच्या कानात ओतणार.

सगळे आले. तो पुढे बसला, मी छेडायला सुरुवात केली. पहिल्याच फेरीला त्याच्या मानेवरचा तीळ हलला. त्यानं एकदा मागे बघितलं. माझ्याकडे नाही, तारेकडे. मग हात जोडून परीक्षकांना म्हणाला, ‘सर, आज्ञा हो तो पहले भूपाली सुनाऊँ?’ परीक्षक म्हणाले, कागदावर तर मालकंस लिहिलंय. ‘जी, वो भी सुनाऊँगा।’ आणि भूपाली गायला. भूपालीत पंचम असतो. मी लावलेल्या पंचमावर असा जाऊन बसायचा की जणू मी त्याच्यासाठीच गादी घातली होती. संपल्यावर त्यानं वळून माझ्या हातातून तंबोरा घेतला, सगळ्यांच्या समोर तार मध्यमावर उतरवली, मणी सरकवला, परत दिला. परीक्षक तुम्हाला म्हणतात, ‘वाह! लड़का तानपूरा मिलाना भी जानता है!’ त्याचे मार्क तिथेच वाढले. माझ्यामुळे! आणि परत देताना हळूच मला काय म्हणाला माहितीये? ‘ठंड में तार चढ़ जात है भैया, तुम फिकर नईं करो।’ त्यानं शिवी दिली असती तर मी आजवर त्याला माफ केलं असतं.

सगळे गेल्यावर तुम्ही मला थांबवलंत. मडक्यांच्या कोपऱ्यात उभं केलंत. मी म्हटलं, ‘मास्तर, थंडीनं तार चढली.’

तुम्ही म्हणालात, ‘थंडीनं चढते. पण थेट पंचमावर जाऊन थांबत नाही.’

मी मडकी मोजायला लागलो.

‘नुसती ढिली सोडली असतीस तर पोरकटपणा म्हटला असता. एवढ्या गोंगाटात, एवढ्या घाईत, इतका नेमका पंचम लावलास. मला दहा मिनिटं लागतात. कुणी शिकवलं तुला?’

‘कुणी नाही.’

‘मी शिकवतोय ना दोन वर्षं, गाढवा.’

आणि माझा कान धरलात. पिळला नाहीत, नुसता धरून ठेवलात, बाजारात आंबा बघतात तसा. दोन वर्षांतलं पहिलं कौतुक आणि तेही चोरीचं.

तो ग्वाल्हेरला गेला. मी दहावीत आपटलो, दोनदा. दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा तुम्ही मला काही न सांगता त्याच्या बापाकडे गेलात आणि म्हणालात, या मुलाला कान आहे, कुठे तरी लावा. ड्रायव्हरसाहेबांनी फोरमनच्या कानावर घातलं, आणि मी गाडीची चाकं ठोकायला लागलो. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन रुळात उतरायचं, एकेका चाकावर टोला मारायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. नोकरी चांगली आहे, नाही म्हणत नाही. आजवर माझ्या हाताखालून बद्द चाक पुढे गेलेलं नाही. पण मी सगळ्यांना हेच सांगत आलो, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत: एकाच गुरूचे दोन चेले, त्याला तंबोरा, मला हातोडा. लोक हसतात. माझी ही गोष्ट दतिया गेटापर्यंत माहीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो रात्रभर प्रवास करून आला, तुम्हाला अग्नी त्यानं दिला, तंबोरा त्याला द्यायचा असं तुम्ही शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतंत. तिथेही मी दुसऱ्या रांगेत.

परवा तो दिसला. दुपारच्या गाडीनं कुठे गायला चालला होता, पहिल्या वर्गात. मी खाली चाकं ठोकतोय आणि वरून हाक, ‘अरे, तू अजून इथंच?’ मराठीत. ळ-बिळ सगळं जागच्या जागी. खाली उतरला, माझ्या काळ्या हाताला हात मिळवला, चहा मागवला. शाल भारी होती. मी माझी नेहमीची गोष्ट त्यालाच ऐकवली, तंबोरा आणि हातोडा. तो हसला नाही. म्हणाला, ‘पण मास्तरांनी तुला बोलावलं होतं ना? तू आलाच नाहीस.’

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. हो, बोलावलं होतंत. कान सोडताना म्हणालात, ‘उद्या सहाला घरी ये. एकटा. तुझा गळा बघू या.’ आणि मी आलो होतो, मास्तर. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, त्या धुक्यात. कापडवाल्याचं दुकान बंद होतं. जिन्यात पाय ठेवला आणि वरून षड्ज ऐकू आला. लांब, भरलेला, कुठेही न हलणारा. मी म्हटलं, झालं. मला बोलावून ह्यालाच आधी बसवलाय. मी पुन्हा मागे बसून तारा छेडायच्या. तसाच वळलो. तुम्ही नंतर कधी विचारलं नाहीत, मी कधी बोललो नाही. इतकी वर्षं मी त्या जिन्यातल्या अपमानावर जगलो.

फलाटावर मी त्याला म्हटलं, ‘कशाला येऊ? तू होतास ना वर.’

‘मी?’ तो म्हणाला. ‘हम तो वा दिना बापू के संगे इंजन पे बीना टेसन गए ते। मास्तरांनीच आदल्या दिवशी सांगितलं होतं, कल मत आना, कल उसका दिन है।’

गार्डानं शिट्टी दिली, तो चढला, गाडी गेली. चार डब्यांची चाकं ठोकायची राहिली, पुढच्या स्टेशनला कळवावं लागलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणजे तो षड्ज तुमचा होता. तुम्ही स्टोव्हवर काही न ठेवता, तंबोरा लावून, माझी वाट बघत बसला होतात. त्याचा आवाज तुमच्यासारखा झाला होता हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी ऐकलं तुम्हाला आणि मला ऐकू आला तो.

ही चिठ्ठी कुणाला देणार? त्याला तर मुळीच नाही, तो ती गाण्याआधी लोकांना वाचून दाखवेल आणि लोक रडतील. बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो. मला कान आहे असं तुम्ही सगळीकडे सांगत फिरलात, मास्तर. जिन्यात मी फक्त तीन पायऱ्या चढलो होतो. आणखी चार चढलो असतो तर दार उघडंच होतं, दिसत होतं मला.