शपथ न घेता परत मिळालेलं लायसन्स

ऑर्फावहिनींना लोविनाचा प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचं पार्सल मंगळवारी पोचलं. सफरचंदाच्या मुरंब्याच्या तीन बरण्या, राखाडी कापड चार वार आणि भोपळ्याच्या बियांची एक पुडी. टपालाला चौदा डॉलर पडले हे खोक्यावर वाचलं आणि मी जरा वेळ खुर्चीत बसून राहिले. तेवढ्यात इथे पोतंभर सफरचंदं येतात. पुढच्या वेळी मिझुरीहून इकडे कुणी येणार असेल त्याच्या हाती द्या, ओहायो काही समुद्रापलीकडे नाही. एक बरणी वाटेत फुटली. कापडाला डाग पडला आहे, पण तो एप्रनखाली जाईल असं मी बेतलं आहे.

तुमची कंबर कशी आहे? रूबेनदादाचा खोकला? (दादा माझा सख्खा भाऊ, पण औषध घे म्हटलं की परक्यासारखा बघतो, हे तुम्हाला मी काय सांगावं.) इकडे ह्यांच्या डोळ्यांचं तसंच आहे. ह्यांच्या म्हणजे विलिसच्या. तुमच्या शेजारात तीन विलिस आहेत म्हणून नाव लिहिते. महिन्यातून एकदा शहरात नेऊन डोळ्यांत सुई टोचून आणावी लागते, नाहीतर उरलीसुरली नजरही जाईल असं डॉक्टर म्हणतात. ह्यांना गाडी चालवायची बंदी, म्हणून मीच चालवते. म्हणजे चालवत होते. मध्यंतरी माझं लायसन्स सरकारने काढून घेतलं होतं. ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली असणारच, आणि वाटेत ती फुगलीही असेल, म्हणून सगळं नीट लिहिते.

तुम्हाला ठाऊकच आहे की विमा म्हणजे देवावरचा अविश्वास, असं ह्यांचं मत. आपल्या चर्चच्या मंडळीने गाडीच्या विम्याला मोकळीक देऊन कितीतरी वर्षं झाली, पण ह्यांनी मोकळीक घेतली नाही. (मीही आग्रह धरला नाही. विश्वासाला हप्ता पडत नाही.) त्याऐवजी ह्यांच्या वडिलांच्या वेळचं, मंडळीचा कारभार बघणाऱ्या डीकनच्या सहीचं पत्र मी गाडीत ठेवत असे. एके दिवशी डॉक्टरांकडून येताना मागचा दिवा लागत नाही म्हणून पोलिसाने थांबवलं. कोवळा पोरगा. त्याने विम्याचा कागद मागितला, मी पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की बहीण लोविना आमच्या मेनोनाइट मंडळीची आहे, तिच्या हातून कुणाचं नुकसान झालं तर आम्ही सारे भाऊ मिळून भरून देऊ.

त्याने ते दोनदा वाचलं. मग टोपी काढून म्हणाला, "आजी, माझ्यासाठी असं पत्र लिहायला माझे सख्खे भाऊसुद्धा तयार होणार नाहीत. पण सरकारला हे चालत नाही हो."

शेजारच्या सीटवरून हे म्हणाले, "सरकारला भाऊ नाहीत, त्याला ते काय करणार." याचा आम्हाला उपयोग झाला नाही.

लायसन्स गेलं. दंड भरला तो भरला, पण खरी शिक्षा म्हणजे आमच्या मंडळीतला एझ्रा. ह्यांना शहरात न्यायचं तर त्याच्या गाडीखेरीज गत्यंतर नव्हतं. एझ्रा भला माणूस, पैसेही घेत नाही. पण तो भजन म्हणत गाडी चालवतो आणि कडवं संपेपर्यंत वळत नाही. दोनदा आम्ही दवाखान्याच्या पुढे गेलो. तिसऱ्यांदा डॉक्टर घरी निघून गेले होते आणि ह्यांची सुई चुकली. त्यानंतर आठवडाभर हे ताटातलं चाचपून जेवले. मुकाट्याने जेवले, तेच मला लागलं. त्या रविवारी उपासनेनंतर मी ह्यांना म्हटलं, "देवावर विश्वास आहेच, पण एझ्रावर नाही." हे टोपी चाचपत उठले आणि म्हणाले, "घे विमा."

पण वहिनी, एकदा विम्याशिवाय पकडलेल्या माणसाला नुसता विमा पुरत नाही. कंपनीने सरकारला वेगळं हमीपत्र लिहून द्यावं लागतं की ही बाई आमच्याकडे आहे, आणि हप्ता एक दिवस चुकला तरी कंपनीच सरकारकडे आपली चुगली करते. असं हमीपत्र बहुतेक दारू पिऊन गाडी हाणणाऱ्यांना लागतं. दोन कंपन्यांनी मला दारातूनच परतवून लावलं. तिसरीकडे डार्लीन नावाची बाई बसते, नखं चेरीच्या रंगाची पण मनाने चांगली. तिच्या बाकावर माझ्याशेजारी एक मानेवर साप गोंदवलेला तरुण बसला होता. त्याने माझ्या डोक्यावरच्या काळ्या बोनेटकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकू, तुम्ही काय घेतली होती?"

मी म्हटलं, "पुदिन्याचा चहा."

तो म्हणाला, "सगळे आधी तेच सांगतात." पण उठून त्याने मला पाणी आणून दिलं.

हप्ता किती ते लिहीत नाही. टपालखर्चाबद्दल मी तुम्हाला जे वर सुनावलं, त्यावर तुम्ही हसाल.

मग लायसन्सच्या कचेरीत गेले. खिडकीतली बाई म्हणाली, उजवा हात वर करा आणि शपथ घ्या. मी म्हटलं, आम्ही शपथ घेत नाही. ती म्हणाली, "म्हणजे खोटं सांगणार?" मी म्हटलं, "बाई, रोज खरं बोलणाऱ्याला हात वर करावा लागत नाही." मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, आजीबाईंना जाऊ द्या, आमचं जेवण राहिलंय. शेवटी मोठे साहेब आले, त्यांनी कायद्यातून शोधून काढलं की शपथेऐवजी 'मी खरं सांगते' असं म्हटलं तरी चालतं. मग मला प्रश्न विचारले. नाव, पत्ता, वजन (ते मी खरं सांगितलं, साहेबांनी मान खाली घातली), आणि तुमच्या नावावर आणखी कुठली गाडी आहे का. मी म्हटलं, "नाही." खिडकीतली बाई म्हणाली, "तुमच्या 'नाही'वर मी डोळे मिटून शिक्का मारते." आणि मारला. आपल्या माणसांचं होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. अभिमान हे पाप आहे, ते मला ठाऊक आहे.

आता लायसन्स माझ्या पाकिटात आहे. परवा ह्यांना मी स्वतः शहरात नेलं, सुई झाली. परत येताना ह्यांना रस्त्यावरची पिवळी रेघ दिसली, आणि मी रेघेच्या फार जवळून चालवते असं हे म्हणाले. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

मोठ्यांना सलाम, लहानांना आशीर्वाद.

तुमची नणंद,
लोविना

ता. क. भोपळ्याच्या बिया छान टपोऱ्या आहेत. उरलेल्या दोन बरण्या रिकाम्या करून धुऊन ठेवल्या आहेत, कुणी तिकडे निघालं की पाठवते.

ता. क. दुसरा. हा फक्त तुम्ही वाचा. काल भाकरीचं पीठ मळताना माझे हात थांबले. तुमचं कोठार जळालं त्या वर्षी आम्ही रूबेनदादाला आमचा निळा पिकअप दिला. बहिणीभावात कागद कशाला, असं दादा म्हणाला, आणि नाव बदलायची फी वाचते म्हणून मीही हो म्हटलं. म्हणजे तो पिकअप अजून माझ्याच नावावर आहे. आणि मी त्या खिडकीत 'नाही' म्हणून आले. सोमवारी मी स्वतः जाऊन त्या बाईला खरं सांगणार आहे. ती काय करील ते करो. पण त्याआधी दादा तो पिकअप घेऊन रस्त्यावर सापडला, तर माझं 'नाही' चूक न राहता खोटं ठरेल, लायसन्स जाईल आणि ह्यांना पुन्हा एझ्राच्या स्वाधीन करावं लागेल. दादाने विमा उतरवलाय का, हे मी विचारत नाही, दादाला मी ओळखते. त्याला सरकारचं नाव सांगू नका, तो हट्टाने बाहेर काढील. टायरमध्ये हवा नाही म्हणून सांगा. (म्हणजे आधी हवा काढा, मग सांगा.) पिकअप नव्या कोठारात उभा आहे, एवढंच एका कार्डावर लिहून उलट टपाली कळवा. उभा नसेल तर आधी उभा करा, मग लिहा.