आठ लाख आणि पाच पॉइंट नऊ

३ फेब्रुवारी १९९८, आदिलाबाद
हैदराबादच्या लॅबचा रिपोर्ट आला. माझ्या रक्तात हेपटायटिस सीचे विषाणू मिलिलिटरला आठ लाख! वामनराव डॉक्टर म्हणाले, वर्षभर इंटरफेरॉन घ्या, आठवड्याला तीन इंजेक्शनं. वामनरावांना काय कळतं? पॅथॉलॉजी लॅब कोण चालवतं, ते की मी? सुईला मी भीत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

४ फेब्रुवारी
संकल्प: मोजण्याच्या पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास. हैदराबादवाले पीसीआर करतात, म्हणजे विषाणूच्या नकला काढत सुटतात. झेरॉक्सवाले लेकाचे! मुंबईत बीडीएनए आहे. तिथे नकला नाहीत, नुसती खूण चमकवून मोजतात. त्याच रक्तातलं उरलेलं सीरम बर्फात घालून मुंबईला धाडलं. पेपर लिहिणार. इंग्रजीत.

११ फेब्रुवारी
पेपरवर नाव घातलं, ठळक अक्षरात. बाकी मजकूर उद्या.
भैंशाचे नागोराव शुगर तपासायला आले. विचारतात, साहेब, तुमचे डोळे काऊन पिवळे दिसून राह्यले? कापसाच्या दलालांनी आता डोळेही तपासावेत! ट्यूबलाइट बदलली.

२० फेब्रुवारी, दुपार
मुंबईचा रिपोर्ट. ५.९!! कुठे आठ लाख आणि कुठे हे, धड सहासुद्धा नाहीत. आकड्यापुढे 'लॉग' छापलंय. त्यांच्या लॉगबुकातली नोंद असणार.
वामनरावांना भर दवाखान्यात सुनावलं. रिपोर्ट दाखवा म्हणाले. नाही दाखवला. गाढवाला गुळाची चव काय! बायकोने, कुमुदिनीने, आणून ठेवलेली इंजेक्शनं दुकानात परत केली. पेढे वाटले.

२२ फेब्रुवारी
बायको हायस्कुलात गणित शिकवते, म्हणून घरातही शिकवते. रिपोर्ट वाचून म्हणाली, अहो, हा लॉग आहे, अँटिलॉग काढला का? मी म्हटलं, तू भाजीला फोडणी घाल. तिने लॉग टेबल काढलं. सात लाख चौऱ्याण्णव हजार. म्हणजे आठ लाखच झाले की हो, म्हणाली, आणि रडायला लागली. गणिताच्या बाईने आकड्यांना रडायचं म्हणजे कमाल आहे. मला जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी
दोन्ही पद्धती जुळल्या. अभ्यास यशस्वी, मी आजारी. भीती वाटते.
कुमुदिनी इंजेक्शनं परत घेऊन आली. वामनरावांकडे गेलो. हसले असते तर भांडता आलं असतं, पण ते बसा म्हणाले. त्यांनी सुई काढली तेवढ्यात मी खुर्चीवरून खाली आलो. फरशी ओली होती.