टेंपोच्या पोटातली माहिती आणि कंपनीचा नारळ

रत्नागिरी,
चैत्रातला मंगळवार (तारीख योगिनी घालणार होती, पण मला वार पुरतो.)

चि. चिमा हिला आक्काचे अनेक आशीर्वाद.

आक्का म्हणजे तुझी थोरली बहीण. आधीच सांगून ठेवते, नाहीतर अर्ध्या पत्रात "ही बाई कोण" म्हणून पाकीट उलटंपालटं करत बसशील. तुझा नातजावई अजिंक्य कुठल्या कंपनीत आहे हे तू मला दर गणपतीत सांगतेस आणि दर गणपतीत कंपनी बदलते. एका वर्षी तर तू त्याला बँकेत घातलंस. तू चौथीपर्यंत शिकलीस, तुझं सगळं कागदावर राहतं, म्हणून डोकं मोकळं. मला अक्षर येत नाही, त्यामुळे विसरायची सोयच नाही. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या अनिलच्या आंब्याच्या कलमांवर यंदा मोहोर टिकला का? सूनबाईचा खोकला गेला का? तुमच्या दशभुज गणपतीला माझा नमस्कार सांग. (राहिला तर राहू दे, तो तुला ओळखून आहे.)

पत्र योगिनी लिहिते आहे, माझी नातसून. आमचा दीपक बोटीवर, वर्षातले बरेच महिने पाण्यात, त्यामुळे घर, मी आणि टेंपो असे तिघेही तिच्या अंगावर. तिघांत टेंपो सर्वांत कमी बोलतो असं ती म्हणायची, म्हणजे ह्या फाल्गुनापर्यंत म्हणायची. ती म्हणाली, आजी, मी स्वतःच हेदवीला चालले आहे, पत्र कशाला, तोंडानं सांगेन चिमाआजीला. म्हटलं, तू काय सांगशील ते मला ठाऊक आहे. "टेंपो बिघडला होता, झाला नीट." एवढं बोलून चहा पिऊन परत येशील. म्हणून हे पत्र. तिचं कौतुक तिच्याच हातानं लिहून घ्यायचं आहे. मला वाचता येत नसलं तरी पेन दिसतं. मी लांब बोलले आणि पेन थोडंच चाललं की मी विचारते. (आत्ताच विचारलं. "थोडंच" ह्या शब्दाला थोडंच पेन लागतं म्हणाली.)

तर झालं असं. होळी आटोपली, बागांमधून आंब्याच्या पेट्या निघायची वेळ आली, आणि टेंपोच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. दिवा लागल्यापासून टेंपो गाभण म्हशीच्या चालीनं चालायला लागला. योगिनीनं तो साळवी स्टॉपच्या पलीकडे लवूच्या गॅरेजात नेला. लवूनं डिझेल सोडणारा एक पार्ट खराब झालाय म्हणून सांगितलं, नवा मागवला, कंपनीचाच, पावतीसकट, आणि बसवला. आता तर टेंपो चालूच होईना. लवू म्हणाला, वयनी, पार्ट बरोबर आहे, बसवलाय बरोबर, पण गाडी त्याला ओळखत नाही. ती ओळख मशीनवरून कंपनीचा कसलासा आकडा घालून करून द्यावी लागते, आणि तो आकडा कंपनी फक्त आपल्या वर्कशॉपला देते. वर्कशॉप कोल्हापुरात. म्हणजे रोगी रत्नागिरीत आणि वैद्य आंबा घाट चढून पलीकडे, आणि रोग्यानं चालत यायचं. मला त्यातलं एवढंच कळलं की नवी सून घरात आली आहे, कामालाही लागली आहे, पण सासू तिच्याकडे बघायला तयार नाही. अशा सासवा मी पाहिल्या आहेत. (योगिनी इथे हसली. हसलीस म्हणून लिही म्हटलं.)

कंपनीचं नाव मी घेत नाही. नवऱ्याचं नाव सुद्धा मी जन्मभर उखाण्याशिवाय घेतलं नाही, आता ह्या वयात कंपनीसाठी उखाणा कुठून जुळवू? योगिनीनं मात्र नाव, पत्ता, नंबर सगळं घेतलं आणि फोन लावला. फोनमधली बाई दर वेळी आधी आभार मानायची आणि मग गाणं लावायची. शेवटी एक खरा माणूस बोलला. योगिनीनं त्याच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या: दुरुस्तीचं पुस्तक आणि तो आकडा. तो म्हणाला, ग्राहकांच्या सुरक्षेसाठी ती माहिती गुप्त ठेवली जाते. योगिनीनं शांतपणे विचारलं, मग ग्राहक म्हणजे मीच ना, माझ्यापासूनच मला सांभाळताय का? त्यानं पुन्हा गाणं लावलं. दुसरी कुणी असती तर फोन आपटला असता. हिनं गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग ग्राहकांच्या तक्रारी घेणारं जे सरकारी खातं आहे तिथे तक्रार घातली, की गाडी माझी, मग तिच्या आतली माहिती दुसऱ्याची कशी? मी तिला म्हटलं, अगं, सरकार आणि कंपनी दोघांशी भांडण एकदम काढू नये, एकाचा तरी पाहुणचार चालू ठेवावा. ती म्हणाली, भांडत नाहीये आजी, विचारतेय.

आता तुझ्या नातजावयाचा भाग येतो, चष्मा पूस. अजिंक्य त्याच कंपनीत दुरुस्ती विभागाचा साहेब आहे. (हे लक्षात ठेव, बँक नव्हे.) त्याला त्याच्या बायकोकडून, तुझ्या मनस्वीकडून कळलं आणि त्यानं आपणहून फोन केला. पोरगा गुणी आहे. म्हणाला, आजी, काळजी करू नका, मी माणूस मशीन घेऊन गुपचूप पाठवतो, तासाभरात टेंपो चालू होईल, फक्त कुठे बोलू नका. माझ्या जिवात जीव आला. हरिश्चंद्र बागवाल्याच्या पेट्या पुढच्या शनिवारी निघायच्या होत्या. त्याचं भाडं हातचं गेलं तर हंगामच गेला, कारण एकदा दुसऱ्या टेंपोची सवय लागली की बागवाला मागे फिरत नाही. मी फोन योगिनीच्या हातात दिला आणि साखर आणायला उठले. मी डब्याचं झाकण काढते तोवर ही नाही म्हणून मोकळी.

"अजिंक्यभावोजी, लवूच्या गॅरेजात केरूची गाडी आणि सदूची गाडी पण ह्याच दुखण्यानं उभी आहे. त्यांचा कुणी नातजावई नाही. आकडा द्यायचा तर तिघांना द्या, आणि उघड द्या."

चिमा, मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. निदान बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण घरात बोलायला दुसरं कुणी नाही. मनात म्हटलं, हिला टेंपो हवा आहे की टेंपोचा न्याय? नंतर भाकऱ्या थापताना माझं मलाच वाटलं, की मी ह्या घरात आल्यापासून जे मिळवलं ते सगळं कुणालातरी गोड बोलून, मधल्या कुणालातरी मध्ये घालून. रेशनचं कार्ड, नळ, विजेचा खांब, सगळं. आणि ही पोर समोर उभी राहून म्हणते, माझं आहे ते द्या. एवढं साधं मला कधी सुचलं नव्हतं. (पेन थांबलं आहे. चालव.)

तेवढ्यात कंपनीनं रत्नागिरीत ग्राहक मेळावा ठरवला. आंब्याच्या हंगामात नवे टेंपो विकायचे म्हणून. मोठा हॉल, खुर्च्यांना पांढरी झबली, समोसे, आणि दारात फुलांची माळ घातलेला नवा कोरा टेंपो, नवरदेवासारखा. योगिनी तिथे माईक मागणार हे अजिंक्यला माहीत होतं. म्हणून त्यानं डोकं चालवलं आणि स्टेजवरून जाहीर केलं की नारळ आमच्या सर्वांत ज्येष्ठ ग्राहक, आमच्या आजी, यांच्या हस्ते वाढवू. त्याला वाटलं, म्हातारीला मान दिला की सून गप्प बसेल. पुण्याचा असता तर ही चूक समजण्यासारखी होती. पण हा संगमेश्वरकडचा, चांगला जाणता मुलगा, आणि आपल्याकडे नारळ हातात दिला की माणूस मुकाट्यानं फोडून खाली बसत नाही हे विसरला कसा? विसरायचा रोग लग्नानं लागतो असं दिसतं.

मी नारळ घेतला, माईकही घेतला. नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालणं हे बाप्यांचं काम, माहीत आहे मला. पण आमच्या ह्यांना गावकीत गाऱ्हाण्याचा मान होता, आणि उभा जन्म ते मी मागे उभी राहून ऐकलं आहे. हॉलमध्ये सगळे आपलेच, टेंपोवाले, रिक्षावाले, बागवाले. मी सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा, आज ह्या कंपनीच्या लेकरांनी तुझ्यापुढे नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे."

सगळा हॉल म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"ज्यानं घाम गाळून गाडी घेतली, त्याला तिच्या पोटातलं सगळं कळू दे. माझा बाप हर्णैत होडी विकायचा, तेव्हा गिऱ्हाइकाला आत उतरवून कुठली फळी पाणी पिते ते बोट लावून दाखवायचा. तशी बुद्धी ह्या कंपनीला दे."

"व्हय म्हाराजा."

"पुस्तक, आकडा, जे काय लागतं ते मालकाला आणि मालक सांगेल त्या मेस्त्रीला मिळू दे. आणि हा शब्द जो कोण मोडील, त्याची गाडी आंबा घाटात मधोमध बंद पडू दे."

"व्हय म्हाराजा." आणि चिमा, ह्या वेळी सर्वांत मोठा आवाज कुणाचा? तुझ्या अजिंक्यचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले. लहानपणापासून देवळात उभं राहून रक्तात भिनलेलं ते, साहेब झाला म्हणून कुठे जाणार. त्याच्या शेजारी पुण्याचे थोरले साहेब होते, त्यांना वाटलं कंपनीच्या भरभराटीची प्रार्थना आहे, त्यांनीही हात जोडले. केरूनं सगळं मोबाइलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत ते राजापूरपासून दापोलीपर्यंत फिरलं.

दुसऱ्या दिवशी अजिंक्यचा फोन. बिचारा म्हणाला, ते बोलणं कंपनीचं अधिकृत नव्हतं, तोंडातून गेलं. योगिनी त्याच्यावर जराही चढली नाही. म्हणाली, "डोळे मिटून व्हय म्हणालात. आता डोळे उघडून नाही म्हणा, मी तसंच तक्रारीत लिहून पाठवते." ह्या वेळी गाणं लागलं नाही. मग तो म्हणाला, मी वर लिहितो.

आणि लिहिलं त्यानं, हे मी मोकळेपणानं सांगते. साहेबांपुढे उभा राहून म्हणाला म्हणे की ती बाई मागते ते चुकीचं नाही. तिकडून तक्रारीचं बोलावणं, इकडून ते केरूचं चित्र, मध्ये अजिंक्य. शुक्रवारी कंपनीचा कागद आला, की ह्या जातीच्या टेंपोची दुरुस्तीची माहिती आणि तो आकडा मालकाला आणि त्याच्या मेस्त्रीला मिळेल, ठरलेली फी भरून. बाकीच्या गाड्यांचा विचार चालू आहे म्हणे. त्यांना विचार करायला किती वेळ लागतो ते योगिनी बघणार आहे.

लवू मशीन लावून बसला. तू असतीस, मी असते, तर आपण पहिला नंबर आपला लावला असता. लढलं कोण? हिनं केरूची गाडी आधी करायला लावली, कारण त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि गाडी दारात हवी होती. मग सदूची. हिचा टेंपो चालू झाला तेव्हा शनिवार दुपार झाली होती आणि हरिश्चंद्रच्या पेट्या दुसऱ्याच्या टेंपोतून निघून गेल्या होत्या. ती घरी आली, पाय धुतले आणि म्हणाली, आजी, चालू झाला. तोंडात पेट्यांचा शब्द नाही. मी हिच्या वयाची असताना विहिरीवर नंबर हुकला तरी आठवडाभर गावाला ऐकवायची.

अशी ही पोर आहे. दिसायला काटकी, पण वाकायची नाही आणि दुसऱ्याला टोचायचीही नाही. दीपकनं ती कुठून शोधली देव जाणे, त्याला धड कलिंगड निवडता येत नाही. (हे वाक्य ती लिहिणार नाही म्हणाली. पेन चाललेलं दिसलं, पण काय लिहिलं कोण जाणे.)

पत्र जयगडच्या फेरीबोटीतून टेंपोबरोबरच येतं आहे. अनिलला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी आक्का

ता. क. चिमाआजी, हे मी योगिनी माझ्या मनानं लिहिते. आजींनी माझं फार वाढवून सांगितलं आहे. त्यांनी हे सांगितलं नाही की काल टेंपोत पुन्हा एक दिवा लागला, वर पीं पीं आवाज. त्यांनी लगेच कंपनीच्या सात पिढ्या काढल्या. मी नवीन पुस्तकात बघितलं. आजी पुढच्या सीटवर पट्टा न लावता बसल्या होत्या, त्याचा तो दिवा. अजून लावत नाहीत. बाकी सर्व ठीक.

ता. क. दुसरा. हा मी आक्का लवूच्या हातानं लिहून घेते, वरचं त्यानंच वाचून दाखवलं. योगिनी डिझेल भरायला गेली आहे, तेवढ्यात सांगते. पट्ट्याचं मनावर घेऊ नकोस, नऊवारीवर तो बसत नाही. खरं काम असं आहे. हरिश्चंद्र आता ह्या हंगामात परत यायचा नाही, आणि ही तोंडानं कुणाकडे भाडं मागणार नाही. तेव्हा अनिलच्या पेट्या यंदा दुसऱ्या कुणाच्या टेंपोत चढता कामा नयेत. योगिनी अंगणात आली की पेट्या तयार असू देत, आणि आक्कानं सांगितलं असं बोलायचं नाही, गाडी सहज हवीच होती असं म्हणायचं. हा वशिला नव्हे, हा बहिणीचा हक्क आहे, आणि तो मी कुठल्या खात्याकडे मागायला जाणार नाही. अजिंक्य येईल तेव्हा त्याला माझ्या नावानं घावन आणि नारळाचा रस घाल, साहेबांपुढे उभं राहणं सोपं नसतं. आणि मला कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुके सोडे पाठव. सोडे मागे पेट्यांजवळ ठेवू नकोस, आंब्यांना वास लागेल. पुढे माझ्या सीटवर ठेव आणि वरून पट्टा लाव, म्हणजे तो दिवाही गप्प बसेल.