बारावं व्हायच्या आधी

२ फेब्रुवारी २००४
अखेर नोकरी लागली! शहापूरला एका खासगी सर्व्हेचं ऑफिस: दोन खोल्या, एक सर्व्हर आणि देवजी शिपाई. धसईहून बस बदलत येताना कंबर मोडते, पण बायको, सरिता, खूश आहे. पाड्यांवरच्या प्रत्येक माणसाचा एक फोल्डर आहे. माणूस वारला, की बारावं उरकल्यावर देवजी सांगतो. मगच त्या फोल्डरची परमिशन काढून घ्यायची, म्हणजे तो बंद करायचा. आधी बंद केला तर लोकांना अशुभ वाटतं. कुठला फोल्डर खुला, कुठला बंद, हे रोज सकाळी तपासणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, मी लिहिली. चाचणीसाठी घरचेच दोन फोल्डर केले, माझा आणि सरिताचा. परक्याच्या माहितीशी खेळ कशाला?

११ फेब्रुवारी
स्क्रिप्ट पाड्यावरच्या नवसूचा फोल्डर ‘बंद’ दाखवते. मी हातही लावलेला नाही. देवजी म्हणतो, नवसू कालच बाजारात काकड्या विकत होता. परमिशन पुन्हा दिली, पुन्हा बंद. दिवसभर कोड वाचला, चूक सापडेना. डोळे चुरचुरतायत.

१४ फेब्रुवारी
आल्या आल्या देवजी म्हणाला, "नवसू गेला रे. आमी काल मातीला जाऊन आलो."
बाराव्याला अजून किती दिवस आहेत. मग बंद कोणी केलं?

२३ फेब्रुवारी
रंभा बंद झाली, तिसऱ्या दिवशी गेली. मग गंगी, तीही तिसऱ्याच दिवशी. दोन दिवस स्क्रिप्ट चालवलीच नाही. देवजी तरी मातीला गेलाच. झोप नाही, भूक नाही. नोकरी सोडावी म्हटलं, तर सोडून काय थांबणार आहे?

१ मार्च
सरिता — बंद.
घरी आलो तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. माझ्याकडे बघून हसली.

२ मार्च
सगळं करून पाहिलं. सर्व्हर माझ्याच हातात, तरी ‘परवानगी नाही’.
एकच उपाय उरलाय — माझ्या फोल्डरचे हक्क काढून तिच्या फोल्डरला द्यायचे. फार थकलोय. एंटर दाबलं.
सरिता — खुला.
टेबलावर डोकं ठेवून रडलो. मग खालची ओळ वाचली. माझं नाव.
बंद.

४ मार्च
आज बस धरली नाही. सरिताला वाटतं, ताप आहे. देवजीला चिठ्ठी लिहितोय — माझ्यासाठी बाराव्यापर्यंत थांबायची गरज नाय, तो फोल्डर आधीच —
सरिता हाक मारतेय. चहा झालाय. आलोच म्हटलं, एवढी ओळ पुरी —
तिचा मात्र बंद करू नका, कोणी हात लावू नका, तिचा खु