आई, पण वारस नाही

प्रिय मिनू,

काल पुण्याहून सिंगापूरला परत आलो. आईनं तिचं मृत्युपत्र नोंदवलं. ही बातमी पहिल्यांदा तुलाच फोनवर सांगितली असती. आता ते शक्य नाही, म्हणून लिहितोय.

क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना तू मला हाफिजबद्दल सांगितलंस, ती संध्याकाळ आठवते? मी विचारलं होतं, "इथे धर्म न बदलता नोंदणी लग्न करता येतं ना? मग मुसलमान कशाला होतेस?" तू आधी ताटलीतल्या नूडल्स संपवल्यास. मग म्हणालीस, "दादा, मला त्याच्या घरात पाहुणी म्हणून राहायचं नाही."

कायदाही तूच समजावलास. गुन्हे, कर, नोकरी यांत सगळे सारखे. पण मुसलमानांचं लग्न, घटस्फोट, वारसा शरियतप्रमाणे, आणि त्याला राज्यघटनेतच जागा ठेवलेली. इतका कडक, धर्मनिरपेक्ष देश, आणि हे कसं चालतं, असा वाद मी घातला. तू म्हणालीस, "चालतंय की. उद्यापासून मलाही तोच लागू."

मग आईसाठी काही लिहून का ठेवलं नाहीस? एक तृतीयांशापर्यंत तिच्या नावानं ठेवता येत होतं, हे मला नंतर कळलं. अर्थात पस्तिशीत कोण मृत्युपत्र करतं?

ऑफिसात चक्कर आली, डोक्यात रक्तस्राव झाला आणि दुसऱ्या दिवशी तू गेलीस. आई विमानातून उतरली तेव्हा तुझं दफन झालेलं होतं. हाफिजनं जमेल तितकं थांबवून धरलं होतं. आई त्याच्यावर चिडली नाही. वुडलँड्सच्या तुमच्या घरी आठ वर्षांच्या इरफानला जवळ घेऊन बसून राहिली.

वारशाच्या कागदांसाठी हाफिज शरिया कोर्टात जाणार होता. आई म्हणाली, "मीपण येते." का, ते सांगितलं नाही. मी रजा काढून सोबत गेलो.

डोक्यावर स्कार्फ बांधलेल्या एका मलय अधिकारी बाईंनी आम्हाला बसवलं. वाटा नवऱ्याचा आणि मुलाचा, असं त्यांनी सांगितलं. आईनं मला मराठीत विचारलं, "आईचा नसतो?" मी इंग्रजीत विचारलं. आई मुसलमान असती तर असता, बाई म्हणाल्या. धर्म वेगळा असला की वारसा नाही.

"म्हणजे यांच्या लेखी मी तिची आई नाही?"

हेही मी विचारलं. बाई आईकडे बघून हळू म्हणाल्या, "Mother, yes, auntie. Heir, no."

मी सांगितलं, "आई आहेस, पण वारस नाहीस."

हाफिज लगेच म्हणाला, माझ्या वाट्यातून मी आईंना देतो, त्याला तर कायद्याची आडकाठी नाही. आईनं मान हलवली. "त्याला म्हणावं, मला काही नको. मला फक्त विचारायचं होतं."

मला मात्र राग आला होता. आपल्याकडे असं नसतं, असं मी परतताना एमआरटी ट्रेनमध्ये बोलून गेलो. आई म्हणाली, "नक्की? मग माझ्यामागे तुझ्याबरोबर इरफानला मिळेल?"

मी पुण्यातल्या वकीलबाईंना फोन केला. नाही मिळणार, मिनू. आपला हिंदू वारसा कायदाही तेच म्हणतो. लेकीनं धर्म बदलल्यावर जन्मलेलं तिचं मूल हिंदू नसेल, तर हिंदू आजीचा वारस होत नाही. मृत्युपत्र केलं तरच. तुला हे माहीत होतं का? मला तर नव्हतं, आणि वाद मात्र मी घालत होतो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तिकीट काढ. मला लवकर जायचंय."

परवा निबंधक कार्यालयात मसुदा वाचताना कारकुनानं नावावर बोट ठेवलं. "इरफान? हे तुमचे कोण?"

"नातू," आई म्हणाली.

"सख्खा?"

"माझ्या मुलीचा मुलगा. अजून किती सख्खा हवा?"

आईचा फ्लॅट इरफान आणि माझ्यात अर्धा अर्धा. मी साक्षीदारांच्या मागे उभा होतो. आईनं चष्मा पुसला, सावकाश सही केली आणि कारकुनाला पेन परत दिलं.

आता मी तुला शब्द देतो. इरफान मोठा झाला की हे दोन्ही कायदे त्याला मी समजावून सांगेन, एकालाही नावं न ठेवता. आणि मराठीत सांगेन, मग तो कितीही "English can, lah" म्हणत इंग्रजीवर अडून बसू दे.

तुझा,
दादा
सेंगकांग