संगणक चालू का झाला नाही, याचा खुलासा

तीर्थस्वरूप हेल्मीताई यांना,

तौनोचा उभ्यानेच नमस्कार. (वाकलो तर पुन्हा सरळ करायला घरात माणूस नाही.) तुमचा रक्तदाब, साडूभाऊंचा नवा गुडघा आणि तुमच्या हेलसिंकीच्या इमारतीतली लिफ्ट, तिन्ही सुरळीत चालत असतील अशी आशा आहे. आमच्याकडे निम्मा मार्च उलटला तरी बर्फ खिडकीला टेकून बसलाय. आयला बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते आणि अधूनमधून मला "तुम्ही कुणाचे?" असं विचारते. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न वाजवीच म्हणायचा.

पत्रास कारण तुम्हीच. रोज फोनवर "अर्ज गेला का?" म्हणून विचारता, आणि मी "संगणक बंद आहे" म्हटलं की तिकडून असा सुस्कारा सोडता, की माझ्या कानाला वारं लागतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. तुमच्या बहिणीला इलोमान्त्सीच्या शुश्रूषागृहात जागा मिळावी याचा अर्ज हल्ली संगणकावरूनच घेतात. (कागदी अर्ज मिळेल का म्हणून विचारलं, तर कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "मिळतो की! संगणकावरून छापून घ्या.") मुदत वीस तारखेची. आणि तीन तारखेला तुमचा संगणक बसला. तुमचा म्हणतोय, कारण तुम्ही तो मोठ्या मनाने आम्हाला दिला होतात, म्हणजे तुम्हाला नको झाला होता. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, तीनदा लांब शिट्टी वाजते, आणि पडदा काळा तो काळाच.

मी चाळीस वर्षं जंगलातली लाकूडतोडीची यंत्रं दुरुस्त केली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. (लग्नाच्या वेळी याच कारणावरून तुम्ही नाक मुरडलं होतंत.) उणे तीसमध्ये, हातमोजे काढून. तेव्हा हे एवढंसं खोकं काय चीज आहे, असं म्हणून मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. आत धूळ इतकी, की बटाटे लावता आले असते. हवा मारून सगळी उडवली, दिसेल ती वायर काढून पुन्हा लावली, झाकण बसवलं. एक स्क्रू उरला. पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. दोन उरले. खोकं मात्र त्याच तीन शिट्ट्या मारत होतं.

तेवढ्यात शेजारचा रेय्यो आला. हा तीस वर्षं बस चालवत होता, त्यामुळे आपल्या मागे बसलेल्या सगळ्यांना काही कळत नाही अशी त्याची समजूत आहे. खोक्याला कान लावून म्हणाला, "आत ओल शिरलीय. सुकवायला हवं." कुठे सुकवायचं? तर सौनात. मी नको म्हणत होतो हे इथे लेखी नमूद करतो. सौना कोमट तापवला, खालच्या बाकावर टॉवेल घालून संगणक बसवला आणि आम्ही दोघे कपडे घातलेलेच वरच्या बाकावर राखणीला बसलो. दहा मिनिटं बरी गेली. मग रेय्योने कसलाही विचार न करता बादलीतली डवली उचलली आणि तापल्या दगडांवर भडाभडा पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला. मी ओरडलो, "अरे गाढवा!" तो म्हणाला, "सवयीने हात गेला रे. साठ वर्षांची सवय." संगणक घामाने निथळत होता. तो खरोखर सुकायला पुढे तीन दिवस लागले.

आयला हे सगळं कॉफीचा कप धरून बघत होती. रेय्योकडे बोट दाखवून मला म्हणाली, "ह्यांना कॉफी देऊ नका. मग हे जात नाहीत." (आजार असा आहे की नेमकं खरं तेवढंच शिल्लक ठेवतो.) चौथ्या दिवशी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा शिट्ट्या. मी आणि रेय्यो एकमेकांना दोष देत असताना ती एकदम खेकसली, "गप्प बसा दोघे! तो काहीतरी सांगतोय. तीन लांब, मग थांबतो, पुन्हा तीन लांब." टेलिफोन एक्सचेंजमध्ये सव्वीस वर्षं काढलेली बाई, आवाज ऐकला की कान टवकारणारच. मी तसंच योएन्सूच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन करून सांगितलं. तिथल्या मिन्तू नावाच्या मुलीने क्षणात उत्तर दिलं, "आजोबा, मेमरी गेलीय."

"कुणाची?" मी विचारलं.

दुकान सत्तर किलोमीटर लांब. आयलाला एकटं ठेवता येत नाही, बरोबर नेणं जमत नाही. तेव्हा वीस तारीख हुकणार आणि गोष्ट शरदातल्या पुढच्या फेरीवर जाणार. माझा इलाज नाही. तरी आता रोज फोन करू नये. साडूभाऊंना नमस्कार सांगा, आणि जो काही लोभ शिल्लक असेल तो तसाच राहू द्या.

आपला,
तौनो

ता. क. वरचं सगळं खरं आहे, शेवटचा परिच्छेद सोडून. मंगळवारी आयलाला शेजारी बसवून योएन्सूला गेलो होतो. मिन्तूने आतल्या मेमरीच्या दोन पट्ट्या उपसल्या, शाळकरी खोडरबराने त्यांची टोकं घासली आणि खट्कन आवाज येईपर्यंत परत दाबल्या. सहा मिनिटं लागली. आयला तिला म्हणाली, "हात छान आहे गं तुझा. आमच्या एक्सचेंजमध्ये घेतील तुला." संगणक तेव्हापासून उत्तम चालतोय.

ता. क. २. अर्जही भरून झालाय. चौदाव्या प्रश्नात विचारलंय, "घरी सांभाळणे का शक्य नाही?" मी लिहिलं, फेब्रुवारीत ती नुसत्या मोज्यांवर बर्फात निघून गेली आणि माझ्या कमरेमुळे मला, ती उभी होती त्या बसथांब्यापर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागली. वाचलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं. बुधवारपासून हेच चाललंय.

ता. क. ३. तर विनंती अशी, की वीस तारखेच्या आत गाडी पकडून या आणि तो अर्ज तुमच्या हाताने पाठवा. म्हणजे उरलेलं आयुष्य मला तुमच्या नावाने बोटं मोडता येतील. तेवढा मान तुम्ही नात्याने मोठ्या म्हणून घ्यावा. आयलाला मात्र मी अजून विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका. ती नाही म्हणाली तर मी अर्ज पुसून मोकळा होईन. पण ती परक्या माणसाशी बोलावं तसं, अदबीने "तुम्हाला सोयीचं असेल तसं करा" म्हणेल, याची मला भीती वाटते.